'अराउंड द कॉर्नर' लिहिताना या चुका टाळा

बेळगावात, शहापूर भागात माझी इंग्रजीची शिकवणी आहे. फेब्रुवारी लागला की एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: 'द एक्झाम हॅज कम अराउंड द कॉर्नर.' मी 'हॅज कम'भोवती लाल गोल काढतो.

"चुकलं कुठं सर? परीक्षा तोंडावर आली की!"

घोळ तिथंच आहे. मराठीत परीक्षा तोंडावर 'येते', लग्न 'येऊन' ठेपतं. कन्नडमध्येही 'परीक्षे हत्तिर बंतु', म्हणजे जवळ आलीच. त्यामुळं घरी मराठी बोलणारं पोर असो की कन्नड, चूक तीच. इंग्रजीतली परीक्षा मात्र जागची हलत नाही. ती वळणापलीकडं उभी असते, चालत निघालेलो असतो आपण. म्हणून 'इज': 'द एक्झाम इज जस्ट अराउंड द कॉर्नर.' जुनी गोष्ट सांगायची तर 'वॉज'. ब्रिटिश लोक बहुधा 'राउंड' म्हणतात, अमेरिकन 'अराउंड'. त्यावरून मार्क कापणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पुढं तारीख जोडू नका. इथल्या सुवर्णसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन डिसेंबरात असेल, तर नोव्हेंबरअखेरीस 'द विंटर सेशन इज अराउंड द कॉर्नर' शोभतं. शेवटी 'ऑन' लावून तारीख घातली की मजा गेली. तारीख द्यायचीच तर साधं 'बिगिन्स ऑन' लिहा. आणि हेच वाक्य जूनमध्ये लिहिलंत तर लोक हसतील.

'आय ॲम अराउंड द कॉर्नर टू लीव्ह' हे तर मुळातच चूक. निघण्याच्या बेतात असाल तर 'आय ॲम अबाउट टू लीव्ह'. त्यालाही 'टुमॉरो' चिकटवू नका. 'अबाउट टू' म्हणजे चप्पल पायात घातलेली.

माणसाबद्दल वापरलंत तर अर्थ काळाचा राहत नाही, जागेचा होतो. एकानं फोनवर सांगितलं, 'आय ॲम जस्ट अराउंड द कॉर्नर.' मी चहा टाकला. गडी अजून खानापुरात, पंचवीसेक किलोमीटरवर! 'आलोच' म्हणायचं होतं त्याला. तसं आपलं 'आलोच'सुद्धा काही फार खरं नसतं म्हणा.

'राउंड द बेंड' तर लांबच ठेवा. दिवाळी 'राउंड द बेंड' लिहिलंत तर दिवाळीला वेड लागलं असा अर्थ होईल.

सगळ्यात महागात पडलं ते 'टर्न्ड द कॉर्नर'. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा भावानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आजोबा हॅज टर्न्ड द कॉर्नर.' म्हणजे धोका टळला, आता उतार पडतोय. निपाणीच्या आत्यानं अर्थ लावला, वेळ जवळ आली. पहिल्या बसनं ती रडतच बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर उतरली आणि तशीच दवाखान्यात धावली. आजोबा खाटेवर बसून नर्सबाईंशी चहात साखर का नाही म्हणून भांडत होते.