कॅलिफोर्नियात क्यूएमई होताना

पुण्यात एमबीबीएस करून मी अमेरिकेत आलो, येथे फिजिकल मेडिसिनची रेसिडेन्सी पूर्ण केली आणि कॅलिफोर्नियात काही वर्षे रुग्ण तपासल्यानंतर क्वालिफाइड मेडिकल इव्हॅल्युएटर, म्हणजेच क्यूएमई, होण्याचे ठरवले. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे.

कामावर दुखापत झालेला कामगार आणि विमा कंपनी यांच्यात वैद्यकीय मुद्द्यावर मतभेद झाला, की राज्याच्या कामगार भरपाई विभागाकडून तीन क्यूएमई डॉक्टरांची यादी निघते. कामगाराला वकील नसेल तर त्यातले एक नाव तो निवडतो. वकील असेल तर दोन्ही बाजू एकेक नाव खोडतात आणि उरलेल्या डॉक्टरकडे तपासणी होते. हा डॉक्टर उपचार करत नाही आणि एका बाजूशी दुसरीच्या नकळत संपर्कही ठेवू शकत नाही.

पात्रतेसाठी कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो, एमडींना आपल्या विशेष शाखेच्या बोर्डाचे प्रमाणपत्र किंवा मान्यताप्राप्त रेसिडेन्सी लागते, आणि कामाच्या वेळेपैकी किमान एक तृतीयांश वेळ साधारणपणे प्रत्यक्ष उपचारात जात असावा लागतो. त्यानंतर अहवाललेखनाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. परीक्षा वैद्यकशास्त्राची असेल या समजुतीत मी पहिला महिना वाया घालवला. ती प्रामुख्याने कायदा, मुदती आणि कार्यपद्धती यांची असते, तेव्हा नियमावली हाती घेऊनच अभ्यासाला बसावे. नेमणूक दोन वर्षांसाठी होते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते.

खरी कसोटी अहवालात आहे. कायमस्वरूपी अपंगत्वाची टक्केवारी एएमए गाइड्सच्या, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अपंगत्व मोजण्याच्या मार्गदर्शिकेच्या, पाचव्या आवृत्तीनुसार काढायची असते, आणि ती मोजमापे सरावाने हातात बसतात. अवघड असते ती विभागणी. 2004 च्या कायदेबदलापासून अपंगत्वाचा किती भाग कामावरच्या दुखापतीमुळे आणि किती भाग इतर कारणांमुळे, हे डॉक्टरने सांगावे लागते. आणि राज्याच्या कामगार भरपाई अपील मंडळाच्या 2005 मधील एस्कोबेडो निकालाने स्पष्ट केले, की नुसता आकडा पुरत नाही, तो कसा आणि का आला हेही लिहावे लागते.

माझ्या सुरुवातीच्या अहवालांपैकी एक गोदामात खोकी उचलणाऱ्या कामगाराचा होता. त्याच्या एमआरआयमध्ये मणक्याची जुनी झीज दिसत होती, म्हणून मी एका वाक्यात लिहून टाकले, की निम्मे अपंगत्व वयोमानामुळे आहे. जबानीच्या वेळी वकिलांनी शांतपणे विचारले, ‘निम्मेच का? चाळीस टक्के का नाही?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हा माणूस दुखापतीपूर्वी अनेक वर्षे पाठीची एकही तक्रार न करता पूर्ण वेळ काम करत होता, ही नोंद मी वाचली होती, पण तिचा विचार अहवालात कोठेच नव्हता. पूरक अहवाल लिहिताना ती झीज आज त्याच्या दुखण्यात नेमकी कशी भर घालते, हा प्रश्न मी स्वतःला प्रथमच विचारला आणि आकडा बदलला. त्या आकड्यावर एका कुटुंबाला मिळणारी रक्कम ठरते, हे तेव्हा मला पुरेपूर उमगले.

म्हणून इतिहास घेताना घाई करू नये. स्नायू आणि सांध्यांच्या तपासणीत कामगारासमोर किमान 20 मिनिटे घालवणे नियमाने बंधनकारक आहे, आणि त्यात कागद वाचण्याचा वेळ धरत नाहीत. माझ्या मते तेवढा वेळ कधीच पुरत नाही. ‘किती दुखते?’ यापेक्षा मोजे कसे घालता, मुलाला उचलता येते का, रात्री कोणत्या कुशीवर झोपता, असे विचारावे. संभाषण दुभाष्यामार्फत होत असेल तर प्रश्न तोकडे ठेवावेत आणि बोलताना पाहावे कामगाराकडे, दुभाष्याकडे नव्हे.

अहवाल तपासणीपासून 30 दिवसांत पाठवायचा असतो. शेकडो पानांचे जुने कागद पुढ्यात असतात, त्यामुळे ही मुदत वाटते त्यापेक्षा लवकर संपते. मी तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी इतिहास आणि मोजमापे लिहून काढतो, आणि विभागणीचा परिच्छेद सगळे कागद वाचून झाल्यावर, सकाळी ताज्या डोक्याने लिहितो.