बांधलेल्या पद्मिनीत सिंथेटिक ऑइल टाकताना या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपल्या जुन्या फियाटचं, इंजिन उघडून नव्याने बांधून गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी विचारणा होते, "आता सिंथेटिक टाकू का?" मी उलट विचारतो, इंजिन ऑइल प्यायचं थांबलं का? ते थांबेपर्यंत साधं मिनरल २०डब्ल्यू-५० (जाडसर ऑइलचा ग्रेड) चालवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच स्टार्टला सिंथेटिक. माझ्या एका मित्राने सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या आणि एवढा खर्च केलाच आहे म्हणून सगळ्यात महाग सिंथेटिक भरलं. वर इंजिनाला त्रास नको म्हणून रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं सुरू, ठेवायचा. पंधराशे किलोमीटर झाले तरी निळा धूर जाईना, सहाशे किलोमीटरला लिटरभर ऑइल संपायचं. शेवटी हेड उतरवलं तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आरशासारखा चकचकीत. पुन्हा होनिंग, पुन्हा रिंगा, पुन्हा गॅस्केट. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

होनिंगने, म्हणजे दगडाने घासून, बोअरवर तिरप्या रेघांची जाळी पडते. नव्या रिंगा त्या रेघांची टोकं घासून आपली जागा करतात आणि हे काम पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच व्हावं लागतं. रिंग भिंतीवर दाबली जाते ती जळत्या गॅसच्या दाबाने. आयडलवर तो दाब फारच कमी असतो, वर ऑइल निसरडं, मग रिंग नुसती घसरत राहते आणि बोअरवर चकाकी चढते. दुसऱ्या वेळी मी स्वतः गाडी बाहेर काढली. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून साठपर्यंत दमदार पिकअप, मग पाय काढून गिअरवरच वेग उतरू द्यायचा, असं दहा-पंधरा वेळा. हजार किलोमीटरच्या आत धूर बंद झाला.

"नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिकवर येतात" असं कोणी सांगेल. येतात, पण त्यांच्या बोअरवरच्या रेघांची टोकं तिथेच घासून सपाट केलेली असतात. आपल्या लेथवाल्याच्या होनिंगशी त्याची तुलना करू नका.

नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला असेल तर पहिला स्टार्ट आणखी नाजूक. कॅमवर घासणारे टॅपेट सपाट तळाचे आहेत आणि कॅमला ऑइल मुख्यतः उडूनच मिळतं. म्हणून सुरू होताच २००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं, मध्ये आयडलवर सोडायचं नाही. त्याआधी प्लग काढून, ऑइल लाइट विझेपर्यंत स्टार्टर मारा. कॅमवर मोली ग्रीस हवंच. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही.

पहिलं ऑइल हजार किलोमीटर ठेवू नका. मी पहिल्या शंभरातच काढतो, मग पाचशेला, मग दीड हजाराला, दर वेळी फिल्टरसकट. काढलेलं ऑइल उन्हात धरून बघतो. सुरुवातीची धातूच्या कणांची चमचम दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दिसता कामा नये.

तीन ते पाच हजारांच्या दरम्यान, पाचशे किलोमीटरच्या अंतराने दोनदा डिपस्टिकवर पातळी तिथेच मिळाली, की सिंथेटिक टाकायला माझी हरकत नाही. घाई करणाऱ्यांना आकडा हवा असतो, पण मी डिपस्टिकचंच ऐकतो.

तेव्हाही ५डब्ल्यू-३० नको. या इंजिनाला ते पातळ पडतं, गरम आयडलवर प्रेशर उतरतं. शिवाय एपीआय एसएन (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) असलेल्या अशा पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे टॅपेट वाचवणारं झिंकचं संयुगही कमीच. १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० घ्या आणि डब्यावर झिंक बघा.

गाडी फक्त रविवारी फिरत असेल तर मिनरलच, वर्षातून एकदा बदलून. सिंथेटिकवर गेलातच, तर आठवडाभर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सील कुठे झिरपतंय ते सकाळी लगेच कळतं.