मॅचच्या दिवशी हॉटेल भरायचं असेल तर

आयपीएलची रात्रीची मॅच साडेसातला सुरू होते, म्हणजे गिऱ्हाईक सातलाच टेबल धरून बसतं. पण जेवणाच्या ऑर्डरी येतात त्या पहिला डाव संपल्यावर, सगळ्या एकदम. तेव्हा भाकरी थापायला घेतली तर गेलाच कारभार! त्या दिवशी भाकरीला एक बाई जादा लावा, तांबडा-पांढरा रस्सा गरम ठेवा आणि अठराव्या षटकातच वेटरला टेबलाटेबलावर विचारायला पाठवा. तोवर एका हातानं खाता येईल असं काहीतरी द्या, सुकं चिकन नाहीतर खर्डा लावलेली उकडलेली अंडी. नजर पडद्यावरच राहते.

टीव्ही उंचावर लावा, वाढपी आडवा येता कामा नये. सेट-टॉप बॉक्सही इन्व्हर्टरवर घ्या. शेवटच्या षटकात लाईट गेली तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

फुटबॉलचा हिशेब वेगळा. मध्यंतर फक्त 15 मिनिटांचं, तेवढ्यात चहा-भजीच खपतात. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांची मॅच असेल तर गर्दी सामना सुटल्यावर येते. दोन्ही पेठांची पोरं जरा लांब-लांब बसवा.