ब्लॅक फॉरेस्टची माती अशी पाहा

जर्मनीतल्या या जंगलात खणण्याआधी खालची झाडं बघा. बिलबेरीची झुडपं दाट असली की माती आम्लधर्मी. अंगाची आग करणारं नेटल माजलं असेल तर नायट्रोजन भरपूर. मग परवानगी घेऊन फूटभर खणा आणि खड्ड्याची एक कड खुरप्यानं नीट तासा. मला हेच काम सगळ्यात आवडतं. बीच नावाच्या रुंद पानांच्या झाडाखाली बहुधा तपकिरी, भुसभुशीत माती लागते. वालुकाश्मावरच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाखाली मात्र वर सुयांचा अर्धवट कुजलेला थर, त्याखाली राखाडी पट्टा, मग तांबूस थर. अशा थरांच्या मातीला पॉडझॉल म्हणतात. आम्लयुक्त पाण्यानं वरचं लोह खाली नेलेलं असतं, म्हणून राखाडी पट्टा अगदी निकस. पीएच 4 च्या आसपास. गांडुळं जवळपास नाहीतच. बघून झालं की थर होते त्याच क्रमानं परत भरा.