पॅकेट पोचलं होतं, उत्तर वाटेत मेलं होतं

माझ्या पहिल्या राउटिंगच्या (डेटाची पॅकेटं एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेण्याच्या) लॅबमध्ये तीन राउटर होते, दोन पीसी होते आणि एक आकडा चुकलेला होता. तो सापडायला अख्खी संध्याकाळ गेली, कारण मी तो सोडून बाकी सगळं तपासत बसले होते. नुकतंच पॅकेट ट्रेसर (नेटवर्क जोडून पाहण्याचं सरावाचं सॉफ्टवेअर) उघडून बसलेल्यांची ती संध्याकाळ वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

मांडणी अगदी साधी होती. आर१ या राउटरच्या मागे १९२.१६८.१०.०/२४ हे पीसी१ चं नेटवर्क, आर३ च्या मागे १९२.१६८.३०.०/२४ हे पीसी३ चं आणि मधे आर२. राउटरांना जोडणारे १०.०.१२.० आणि १०.०.२३.० हे /३० चे सबनेट (नेटवर्कचे छोटे तुकडे), म्हणजे प्रत्येकात वापरता येतील असे दोनच पत्ते. सगळे रूट (कुठल्या पत्त्याचं पॅकेट कोणाकडे द्यायचं याच्या नोंदी) स्टॅटिक, हाताने टाइप केलेले. पीसी१ वरून पीसी३ ला पिंग केलं (उत्तर येतं का पाहायला छोटं पॅकेट पाठवलं) की चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. आर१ वर जाऊन त्याच पीसी३ ला पिंग केलं, तर चालत होतं!

राउटरवरून चालतंय म्हणजे रूट बरोबर, दोष पीसीचा, असं मी ठरवून टाकलं. मग पीसीचा गेटवे (बाहेरचं पॅकेट ज्याच्याकडे द्यायचं त्या राउटरचा पत्ता) पुन्हा टाकला, केबल बदलली, शेवटी पीसीच उडवून नवा ठेवला. नव्या पीसीसाठी स्विचच्या पोर्टवरचा नारिंगी ठिपका हिरवा व्हायला अर्धा मिनिट लागतो (जोडण्यांत गोल फेरा होत नाही ना हे पाहणारा स्पॅनिंग ट्री आपलं काम करत असतो), तेवढ्यात मी ती केबलही एकदा काढून लावली.

त्यानंतर ट्रेसराउट (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी कमांड) चालवला. पहिल्या ओळीत आर१, दुसऱ्या ओळीत आर२ आणि पुढे नुसत्या चांदण्या (*). झालं, गुन्हेगार सापडला! आर२ वरचे रूट मी दोनदा पुसून दोनदा लिहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चूक आर३ वर होती. परतीचा रूट टाकताना १९२.१६८.१०.० ऐवजी १९२.१६८.१.० टाइप झालं होतं. पॅकेट पीसी३ पर्यंत प्रत्येक वेळी व्यवस्थित पोचत होतं. पीसी३ उत्तरही देत होता. ते उत्तर आर३ कडे आलं की १९२.१६८.१०.० कुठे आहे हे आर३ ला माहीत नसायचं आणि तो ते टाकून द्यायचा. ट्रेसराउटमध्ये तिसऱ्या टप्प्यावर टीटीएल (पॅकेटने किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा) संपल्याचा निरोप आर३ नेच पाठवायचा असतो. त्यालाही परतीची वाट नव्हती, म्हणून चांदण्या. ट्रेसराउट दाखवतो ती तुमच्यापर्यंत उत्तर पोचवू शकणाऱ्यांची यादी. शेवटचं नाव दिसलं तिथेच मोडलंय असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग आर१ वरून पिंग का चालत होतं? राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडतं त्याचा पत्ता सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणून लावतो. इथे तो होता १०.०.१२.१, आणि त्या सबनेटचा रूट आर३ वर बरोबर होता. म्हणजे मी पीसीची वाट तपासलीच नव्हती, भलतीच वाट तपासून खूश झाले होते. राउटरच्या प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये नुसतं ‘पिंग’ टाइप करून एंटर दाबा. तो एकेक प्रश्न विचारत जातो. एक्स्टेंडेड कमांड्सना हो म्हणा आणि सोर्स म्हणून लॅनच्या, म्हणजे पीसीच्या, बाजूचा पत्ता द्या, माझ्या लॅबमध्ये १९२.१६८.१०.१. तेव्हा हे ठाऊक असतं तर दोष दोन मिनिटांत उघडा पडला असता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. लॅब अडली की आधी काहीही बदलायचं नाही. प्रत्येक राउटरवर ‘शो आयपी रूट’ चालवून विचारायचं: या पत्त्याचं पॅकेट तुझ्याकडे आलं तर तू ते कोणाकडे देशील? शेवटच्या राउटरपर्यंत पोचलं की तोच प्रश्न उलट दिशेने, उगमाच्या पत्त्यासाठी. नवखे लोक पहिली फेरी करतात आणि थांबतात. दुसरी फेरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या निम्म्याअधिक चुका तिथेच सापडल्या आहेत.

पीसीवर येणारा संदेशही नीट वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि सोबत एखाद्या राउटरचा पत्ता दिसला, तर सरळ त्या राउटरवर जा; बहुधा त्याच्याकडे पुढचा रूट नसतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ मात्र मुका असतो आणि तेव्हा परतीच्या वाटेचा संशय आधी घ्यावा. पहिलाच पिंग हुकला आणि पुढचे चालले तर त्यात दोष काही नाही, एआरपीचं (आयपी पत्त्यावरून हार्डवेअरचा पत्ता शोधण्याचं) काम होईपर्यंत तेवढं जातं. पॅकेट ट्रेसरचा सिम्युलेशन मोड वापरला तर पाकीट डोळ्यांसमोर पुढे जातं, परत फिरतं आणि नेमकं कुठे पडतं तेही दिसतं. मी तो मोड लहान मुलांचा खेळ समजून टाळत होते.

स्टॅटिकवरून ओएसपीएफवर (राउटर एकमेकांना सांगून आपोआप रूट ठरवतात त्या पद्धतीवर) आलात की दुखणी बदलतात. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ रिकामा आला, तर राउटिंग टेबलकडे बघण्यात अर्थ नाही. दोन्ही टोकांचा एरिया (ओएसपीएफमधला राउटरांचा गट), सबनेट मास्क आणि टायमर जुळतात का ते पाहा. इथरनेटवर हॅलो (शेजाऱ्याला निरोप पाठवण्याचं अंतर) १० सेकंद आणि डेड (निरोप न आल्यास शेजारी गेला असं धरण्याची मुदत) ४० सेकंद असतो. वाइल्डकार्ड मास्क (ओएसपीएफला कुठले पत्ते घ्यायचे ते सांगणारा उलटा मास्क) चुकला किंवा इंटरफेस पॅसिव्ह (हॅलो न पाठवणारा) करून ठेवला असेल, तरी शेजारी दिसत नाही. शेजारी दिसतोय पण एक्सस्टार्टवर (ओळख पूर्ण होण्याआधीच्या एका पायरीवर) अडकलाय, तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा.

माझं दुखणं यांतलं कुठलंच नव्हतं. त्याच लॅबमध्ये मी ओएसपीएफ चालू केलं, आर२ आणि आर३ वरचे स्टॅटिक रूट काढले आणि आर१ वरचा विसरले. आर१ ते आर३ अशी एक पर्यायी जोडणीही टाकली. सगळं छान चालत होतं. मग पर्याय चालतो का बघायला आर२ आणि आर३ मधली जोडणी बंद केली, आणि ट्रेसराउटमध्ये १०.०.१२.२, १०.०.१२.१, पुन्हा १०.०.१२.२ असे तेच दोन पत्ते ३० ओळी भरेपर्यंत आलटून पालटून येत राहिले. स्टॅटिक रूटचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कुठल्या स्रोताच्या रूटवर आधी विश्वास ठेवायचा तो आकडा) १, ओएसपीएफचं ११०. कमी आकडा जिंकतो. म्हणून आर१ जुन्या रूटला चिकटून पॅकेट आर२ कडे देत होता. आर२ ला ओएसपीएफने आर१ मार्गे जायला सांगितलं होतं, त्यामुळे तो ते परत आर१ कडे देत होता. आर१ च्या टेबलमध्ये त्या ओळीसमोर ‘ओ’ (ओएसपीएफ) ऐवजी ‘एस’ (स्टॅटिक) दिसलं तेव्हा उलगडा झाला. ‘नो आयपी रूट’ लिहून तो काढला आणि सगळं सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी आर१ मध्ये सीरियल मॉड्यूल बसवायचं होतं. त्यासाठी राउटर बंद करावा लागतो. मी बंद केला, मॉड्यूल बसवलं, चालू केला. आदल्या दिवशी रनिंग कॉन्फिग (चालू मांडणी) स्टार्टअपमध्ये (राउटर सुरू होताना वाचतो त्या जतन मांडणीत) कॉपीच केलेलं नव्हतं, त्यामुळे ओएसपीएफ गायब आणि तो जुना स्टॅटिक रूट आपल्या जागी हजर.