मदत खान्देशातल्या स्थानिक संस्थेकडे देताना या चुका टाळा

चाळीसगावचा २०२१ चा तितूर-डोंगरीचा पूर असो, रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं वादळ असो किंवा पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांचा तुटणारा रस्ता असो, आधी धावतात ती आसपासचीच माणसं. बाहेरचा पैसा मागाहून येतो आणि तोही बहुतेक धान्य, ब्लँकेट, ताडपत्री या रूपात. वाटप करणाऱ्याचा पगार, गाडीचं डिझेल, हिशेब लिहिणारा यांची तरतूद त्यात नसते. हे दुखणं जगभराचं आहे. २०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी २०२० पर्यंत मदतनिधीतला २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना देण्याचं मान्य केलं होतं. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. पुढच्या चुका दाता संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी सांभाळणारे) विभाग आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मित्रमंडळं यांच्याकडून वारंवार होतात. काही स्थानिक संस्थांच्याही आहेत.

‘सगळा पैसा लाभार्थ्यालाच गेला पाहिजे’ हा हट्ट

ऐकायला छान वाटतं, पण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यांवर ३०० कुटुंबांना शिधा द्यायचा आहे असं धरा. ज्वारी, डाळ, तेल, मीठ, साबण मिळून १५ किलोचं किट, म्हणजे एकूण साडेचार टन माल. सपाटीवर हे एका ट्रकचं काम. डोंगरात घरं विखुरलेली, त्यामुळे पिकअपच्या १२ फेऱ्या तरी धरा आणि शेवटचा टप्पा डोक्यावरून. यादी, वाटप, तक्रारी आणि पाठपुरावा धरून काम तीन महिन्यांचं. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत. दर आपापल्या तालुक्याचे घाला.

- किट: ३०० × १,५०० = ४,५०,००० रुपये
- दोन कार्यकर्ते: १७,७०० × २ × ३ महिने = १,०६,२०० रुपये
- अर्धवेळ हिशेबनीस: १०,००० × ३ = ३०,००० रुपये
- पिकअप: १२ × ४,५०० = ५४,००० रुपये
- फोन, छपाई, विमा, सीएची फी: १५,००० रुपये

बेरीज ६,५५,२०० रुपये. म्हणजे साडेचार लाखांचा माल पोहोचवायला दोन लाखांवर खर्च येतो. हा खर्च अर्जात दिसला नाही तर तो कुठून तरी काढला जातो: कार्यकर्त्याच्या पोटातून, किराणा दुकानाच्या उधारीतून, नाहीतर दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून. लेखापरीक्षणात सापडतो तो हा शेवटचा प्रकार.

१७,७०० हा आकडा कुठून आला? मूळ पगार १५,०००. भविष्य निर्वाह निधीत संस्थेचा हिस्सा १२ टक्के, त्यावर ठेव-विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १ टक्का, म्हणजे १,९५०. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२०. पीएफ २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांवर बंधनकारक होतो. छोटी संस्था त्याखाली असेल तरी तेवढी रक्कम वेगळी ठेवायला हवी, कारण पूर आला की माणसं वाढतात आणि विसाचा आकडा नकळत ओलांडला जातो.

यावर संस्थेचा सामाईक खर्च धरा: कार्यालयाचं भाडं, वीज, लेखापरीक्षण, नोंदणीची कामं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था स्वतःसाठी साधारण ७ ते ८ टक्के घेतात. मग अक्कलकुव्यातल्या संस्थेला शून्य का? वरच्या उदाहरणात ८ टक्क्यांनी ५२,४१६ रुपये होतात आणि एकूण मागणी ७,०७,६१६ वर जाते. अर्जात हीच रक्कम लिहा.

सीएसआरच्या ५ टक्क्यांचा चुकीचा अर्थ

‘नियमाने प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो’ असं सांगून कंपन्या पगार कापतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमातच त्यातून वगळलेला आहे. म्हणून क्षेत्र कार्यकर्ता, गाडी, हिशेबनीस यांना अंदाजपत्रकात ‘प्रशासन’ या शीर्षाखाली टाकू नका. ज्या कामासाठी ते आहेत त्या कामासमोर लिहा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

पैसा मार्चमध्ये, गरज ऑगस्टमध्ये

आर्थिक वर्ष संपत आलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी येतो आणि ‘३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा’ अशी अट येते. सातपुड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत गेलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत केलेल्या सर्वेक्षणात नेमकी तीच सुटतात. होळीला, त्याआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या आदिवासी बाजाराला माणसं परततात. याद्या तेव्हा तपासा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या.

खर्चाची मुदत जूनच्या पुढे नेणारा करार करा. सीएसआरमध्ये चालू प्रकल्प म्हणून मंजुरी घेतली तर सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं. हप्ते ४०-४०-२० ठेवून शेवटचा अहवालानंतर देऊ नका. तो अडकला की पगार थांबतात. पहिल्या हप्त्यात किमान तीन महिन्यांचे पगार बसलेच पाहिजेत.

संस्थेने स्वतः मे महिन्यात तातडीच्या निधीचा ठराव करून ठेवावा: रक्कम किती (सुरुवातीला ५०,००० पुरेत), कोणत्या दोन सह्यांवर निघेल, बिलं किती दिवसांत जमा होतील. हा ठराव नसला तर पूर आलेल्या रात्री विश्वस्तांना फोन लावत बसावं लागतं, आणि धडगावकडे रेंज मिळण्याची खात्री नसते.

अनुभवी माणूस पळवणं

आपत्तीनंतर मोठी संस्था येते, भिली-पावरी बोलणारा, पाड्यापाड्यावर ओळख असलेला समन्वयक दुप्पट पगारावर सहा महिन्यांसाठी उचलते आणि काम संपलं की निघून जाते. मागे राहिलेल्या संस्थेचं काम बसतं आणि तो समन्वयकही बेरोजगार होतो. त्याऐवजी त्याला मूळ संस्थेच्याच पगारपत्रकावर ठेवून वाढीव पगाराचे पैसे संस्थेला द्या. नेमायचाच असेल तर एक महिन्याची पूर्वसूचना आणि बदली माणूस तयार करण्याचा खर्च करारात लिहा. निदान एक महिला कार्यकर्ती पथकात हवीच. बाळंतपण, पाळी, छेडछाड याबद्दल बायका पुरुष स्वयंसेवकाशी बोलणार नाहीत.

परदेशी निधी पुढे देण्याचा बेत

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही, मग तिच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. ‘सेवा करार’ दाखवून अनुदान वळवणं म्हणजे दोन्ही संस्थांची नोंदणी पणाला लावणं. पुढे द्यायचा पैसा देशी असू द्या. परदेशी पैशातून तालुक्यातलीच माणसं स्वतःच्या पगारपत्रकावर घ्या. स्थानिक संस्थेला स्वतःची नोंदणी हवी असेल तर साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. त्या तयारीचा खर्च उचलणं ही उत्तम देणगी.

कागदावर अडणारी मदत

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो रखडला की परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलत नाही आणि आलेला निधी अडकतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका. आयकराच्या हिशेबात तो खर्च धर्मादाय म्हणून धरला जात नाही. तीन देणगीदारांचे तीन नमुने भरण्यात हिशेबनीसाचा महिना जातो, तेव्हा एकच नमुना सगळ्यांकडून आधी मान्य करून घ्या. प्रत्येक किटसोबत फोटोचा आग्रह तर सोडाच.

कार्यकर्त्याचा विमा

नर्मदेकाठच्या गावांना जाताना होडी लागते, आणि लाइफ जॅकेट मात्र अंदाजपत्रकात कुठेच नसतं. होडीत जितकी माणसं तितकी जॅकेट घ्या. १८ ते ७० वयाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला आणि स्वयंसेवकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे महिन्यात प्रत्येकाच्या बँक खात्यात हप्त्यापुरती शिल्लक आहे का ते हिशेबनीसाने तपासावं.