कोकणकड्यावरचे काळे फोटो

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मित्र रॅपलिंग करत होते, म्हणजे दोरावरून कडा उतरत होते, आणि मी फोटो काढत होतो. कडा अर्धगोल, त्यामुळे एका टोकावरून समोरचा दोर छान दिसतो. पण घरी येऊन फोटो पाहिले तर कातळ काळाठिक्कर आणि त्यात माणूस सापडेना. फार वाईट वाटलं.

चूक वेळेची होती. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत आणि मागे कोकणातलं धुकं पांढरंफटक. कॅमेऱ्याने त्या उजेडाचं माप धरलं, म्हणून कातळ काळा पडला.

पुढच्या खेपेला दुपारी तीननंतर बसलो. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजणं) लावून फक्त कातळाचं माप घेतलं. कॅमेरा प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी समजतो, म्हणून काळा बेसाल्ट उगाच उजळ येतो. ते एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवली. मित्राला पिवळं हेल्मेट घालायला लावलं. (कडेला बसताना आधी स्वतःला अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) बांधा, कॅमेऱ्याचा पट्टाही.)

या वेळी उतरत्या उन्हात कातळाची एकेक खाच दिसली, आणि दोरावर घट्ट आवळलेली मित्राची बोटंसुद्धा. तो फोटो आता घरात भिंतीवर आहे.